डायपर बांधला म्हणजे काळजी संपत नाही

एप्रिल-मे महिन्यांतील नाशिकची दुपार. पारा चाळिशीला टेकलेला, खिडक्यांचे पडदे ओढलेले, छताचा पंखा गरम हवाच खाली ढकलतो आहे. अंथरुणाला खिळलेले आजोबा सारखी कूस बदलू पाहतात, कमरेपाशी हात नेतात, डायपरची पट्टी ओढून काढतात. घरच्यांना वाटते, वयाबरोबर हट्टीपणा वाढला किंवा विसराळूपणाचा हा पुढचा टप्पा असावा. सायंकाळी डायपर बदलताना जांघेत लालभडक पट्टा दिसतो आणि मग उलगडा होतो. आजोबा हट्ट करीत नव्हते. त्यांची कातडी जळत होती. त्यांना ते सांगता येत नव्हते एवढेच.

लघवीवरचा ताबा सुटणे हा विषय आपल्याकडे आजही कुजबुजत बोलला जातो. अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश, मधुमेह, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, मणक्याचे आजार, स्त्रियांमध्ये बाळंतपणानंतर सैल पडलेले कटितळाचे स्नायू अशी त्याची अनेक कारणे आहेत. प्रौढांचे डायपर एकेकाळी मोठ्या रुग्णालयांतच दिसत. या शतकाच्या आरंभापासून ते औषधांच्या दुकानांत सहज मिळू लागले. प्रौढांसाठी ‘फ्रेंड्स’ या नावाने डायपर बनविणाऱ्या नोबेल हायजीन या कंपनीचे उत्पादन तर नाशिक जिल्ह्यातच होते. म्हणजे वस्तू आपल्या दारात तयार होते, दुकानात मिळते, अनेक घरांत वापरलीही जाते. पण ती वापरताना त्वचेची निगा कशी राखावी, याची माहिती मात्र पाकिटाबरोबर घरी येत नाही.

ही निगा समजून घ्यायची तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. त्वचा बिघडते ती केवळ डायपरमुळे नव्हे. आत कोंडलेला ओलावा, कोंडलेली उष्णता आणि त्या दोहोंच्या सहवासात गेलेला वेळ या तिघांमुळे ती बिघडते. यांपैकी हवामान आपल्या हाती नाही. वेळ मात्र पुष्कळसा आपल्या हाती असतो.

डायपरच्या आत काय घडते?

डायपरच्या गाभ्यात लाकडाच्या लगद्याबरोबर सोडियम पॉलिॲक्रिलेट या रसायनाचे बारीक कण असतात. हे कण स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट द्रव शोषून त्याचा घट्ट गोळा करतात. त्यामुळे लघवी झाल्यानंतरही वरचा थर बराचसा कोरडा लागतो. बाहेरच्या बाजूला पाणी अडविणारे आवरण असते. स्वस्त डायपरमध्ये ते साध्या प्लॅस्टिकच्या कागदाचे असते. तुलनेने महाग प्रकारांत ते कापडासारखे लागते आणि त्यातून थोडी वाफ बाहेर पडू शकते.

येथेच एक गैरसमज होतो. डायपर लघवी शोषतो, म्हणून तो घामही शोषत असेल, असे आपण धरून चालतो. पण शोषणारा गाभा असतो तो मधल्या पट्ट्यात. कमरेच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंचे पंख, मांड्यांभोवतीचे लवचीक काठ या जागी गाभा नसतोच. घाम साचतो तो नेमका याच जागी. शिवाय घामाचा उपयोग होतो तो वाळताना. त्वचेवरून घाम उडून गेला तरच शरीर थंड होते. आवरणाखाली अडकलेला घाम शरीराला थंडही करीत नाही आणि त्वचेला कोरडेही राहू देत नाही.

बराच वेळ ओली राहिलेली त्वचा फुगते, पांढुरकी आणि मऊ पडते. धुणे धुतल्यावर बोटांची जी अवस्था होते, तीच ही अवस्था. अशा त्वचेवर घर्षण अधिक होते. कूस बदलताना, बसते करताना ती सहज सोलवटते. दुसरी गोष्ट आम्लतेची. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि ही आम्लता जंतूंपासून तिचे रक्षण करते. लघवीतील युरियाचे जीवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि त्वचा अल्कधर्मी बनू लागते. त्यात शौच झाले असेल तर मलातील पाचक द्रव्ये या अल्कधर्मी वातावरणात अधिक जोमाने काम करतात. अन्न पचविणारी ही द्रव्ये मग त्वचेलाच इजा करू लागतात. म्हणून लघवीचा डायपर बदलायला थोडा उशीर झाला तर एकवेळ निभावते. शौचाचा डायपर मात्र क्षणभरही ठेवू नये.

उतारवय, घाम आणि औषधे

वयानुसार त्वचा पातळ होते, तिच्यातील तेलकटपणा घटतो आणि झालेली जखम भरायला वेळ लागतो. घामाच्या ग्रंथींचे कामही मंदावते. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो आणि जो येतो त्यातला बराचसा कमरेच्या आसपास अडकून राहतो. उन्हाळ्यात याचा अर्थ गंभीर असतो. त्वचेच्या त्रासाबरोबर उष्माघाताचीही भीती असते.

लघवीची वारंवारता कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी, उदाहरणार्थ ऑक्सिब्युटिनिनने, घामही कमी होतो. असे औषध सुरू असलेल्या वृद्धाला उन्हाळ्यात गरम, कोंदट खोलीत ठेवणे धोक्याचे आहे. मधुमेहावरील डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. ती लाभदायक असली तरी त्यांमुळे जननेंद्रियांभोवती बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. डायपर वापरणाऱ्याच्या बाबतीत तर ही बाब ध्यानात ठेवायलाच हवी. अशी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. डायपर वापरला जातो, हे मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगावे. संकोचापोटी अनेक कुटुंबे नेमके हेच सांगत नाहीत.

दुसरी सार्वत्रिक चूक पाण्याची. डायपर कमी भिजावा म्हणून घरचे पाणी कमी देतात; कधी वृद्ध स्वतःच पाणी पिणे टाळतात. त्याने लघवी दाट होते, तिचा वास आणि दाह वाढतो, बद्धकोष्ठ होते, मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो आणि ताबा आणखी सुटतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर दिवसभर थोडे थोडे पाणी देत राहावे. झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत त्याचे प्रमाण कमी करावे. सायंकाळनंतरचा चहा-कॉफी टाळल्यास रात्रीचा भार बराच हलका होतो.

ऋतूप्रमाणे निगा

नाशिक जिल्ह्याचे हवामान एकसारखे नाही. मालेगाव-येवल्याचा उन्हाळा कोरडा आणि कडक. इगतपुरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात पावसाळ्यात घरातल्या भिंतीदेखील ओल धरतात. निफाडची थंडी दरवर्षी बातमीचा विषय होते. एकच निगा बारा महिने आणि सगळीकडे चालेल, असे म्हणूनच समजू नये.

उन्हाळ्यात हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याचा पडदा किंवा पाण्याचा कूलर उत्तम काम देतो. हवेचा झोत थेट अंगावर न घेता खोलीत खेळता ठेवावा. डायपरखालचा भाग थंड करता येत नसला तरी उरलेले शरीर करता येते. मान, काखा, दंड, पाय दिवसातून दोन-तीनदा ओल्या पंचाने पुसून घ्यावेत. शरीराचे एकूण तापमान उतरले की कमरेखालचा घामही कमी होतो. दुपारी बारा ते चार या वेळात डायपर अधिक वेळा तपासावा.

पावसाळ्यात तोच कूलर उलटा ठरतो. हवेत आधीच ओल असताना कूलर तीत आणखी भर घालतो आणि घाम वाळतच नाही. या दिवसांत पंखा, उघडी खिडकी आणि शक्य असल्यास वातानुकूलन यंत्राचा कोरडी हवा देणारा पर्याय वापरावा. सुती कपडे, चादरी, दुपटी वरवर कोरडी दिसली तरी आतून दमट असतात. ती इस्त्री करूनच वापरावीत. बुरशीच्या तक्रारी पावसाळ्यात आणि त्यामागून येणाऱ्या ‘ऑक्टोबर हीट’मध्ये बळावतात, त्यामागे हा दमटपणाच असतो.

हिवाळ्यात वेगळीच अडचण येते. गोधडी, रजई, लोकरीचे मोजे यांच्याखाली रात्रभर डायपर तापतो आणि थंडी असूनही कंबर घामाने चिंब होते. दुसरीकडे हातपायांची त्वचा कोरडी पडून खाजत असते. एका जाड रजईऐवजी दोन पातळ पांघरुणे घ्यावीत. गरज वाटल्यास एक काढता येते. आंघोळीचे पाणी कोमट असावे. कढत पाण्याने त्वचेचे उरलेसुरले तेलही निघून जाते.

माप आणि प्रकार

मोठ्या मापाचा डायपर मोकळा बसेल आणि हवा लागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो जांघेत गोळा होतो, त्याच्या वळ्या घासतात आणि कडेने गळतो. लहान डायपरचे लवचीक काठ मांडीत रुततात आणि त्या रेषेवरच घामोळे उठते. कंबर व नितंबांचा सर्वांत रुंद भाग फीतपट्टीने मोजून, त्यांपैकी जे माप मोठे असेल ते पाकिटावरील तक्त्याशी ताडून पाहावे. बांधल्यावर कमरेच्या पट्टीखाली दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. मांडीकडचे काठ आत दुमडलेले न ठेवता बाहेर काढून घ्यावेत.

चालत्या-फिरत्या व्यक्तीला चड्डीसारखा वर ओढायचा प्रकार सोयीचा. अंथरुणावरील व्यक्तीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्ट्या असलेला. पुष्कळ घाम येणाऱ्याने कापडासारखे आवरण असलेला डायपर घ्यावा. तो महाग वाटला तर निदान उन्हाळ्यात आणि दिवसा तरी वापरावा. थेंब थेंब लघवी जाणाऱ्या व्यक्तीला पूर्ण डायपरची गरजच नसते. अंतर्वस्त्रात बसणारे लहान पॅड पुरते आणि त्वचेचा बराच भाग मोकळा राहतो.

बचतीसाठी एकावर एक दोन डायपर बांधणे किंवा आत जुन्या साडीची जाड घडी ठेवणे हा घरोघरी दिसणारा प्रघात. आतल्या डायपरचे प्लॅस्टिक पाणी पुढे जाऊ देत नाही, मग बाहेरचा डायपर उगाच उब वाढवितो. कापडाची घडी तर ओली होऊन त्वचेलाच चिकटून बसते आणि गाभ्यापर्यंत लघवी पोचू देत नाही. सुती फडक्याचा उपयोग करायचाच असेल तर तो पोट सुटलेल्या व्यक्तीच्या ओटीपोटाच्या घडीत करावा. तेथे गाभा नसतो आणि घाम भरपूर असतो. एकेरी, मऊ, कोरडे फडके ठेवावे आणि ओले होताच बदलावे.

बाहेरच्या कपड्यांचाही विचार हवा. परकराची नाडी अनेकदा डायपरच्या वरच्या काठावरच आवळून बांधली जाते आणि तेथे पट्टाच उमटतो. नाडी थोडी वर घ्यावी किंवा घरात सैल सुती गाऊन घालावा. पुरुषांना सैल लेंगा किंवा लुंगी बरी. गादीवर रेक्झिन किंवा मेणकापड असेल तर त्यावर सुती चादर हवीच. मात्र चादर, दुपटे, पुन्हा मेणकापड अशा थरांची चळत रचू नये.

बदलण्याची रीत

किती वेळाने बदलावा, हा नेहमीचा प्रश्न. पाकिटावर लिहिलेले तास हे गळती न होण्याचे तास असतात; त्वचा निरोगी राहण्याचे तास नव्हेत. दिवसा दर दोन तासांनी तपासणी आणि साधारण तीन ते चार तासांनी बदल हा व्यवहार्य क्रम आहे. भिजलेला नसला तरी कमरेपाशी घामाने ओला झाला असेल तर तो उघडून हवा लागू द्यावी. शौच झाल्यास ताबडतोब बदलावा. रात्री जास्त शोषणाचा डायपर वापरून झोप मोडणे टाळता येते, परंतु त्वचा आधीच लाल असेल तर रात्रीतही एकदा बदल आवश्यक आहे.

बदलण्यापूर्वी हात धुवावेत, हातमोजे घालावेत. पुसताना नेहमी पुढून मागे पुसावे. स्त्रियांच्या बाबतीत हा नियम कटाक्षाने पाळावा, अन्यथा मलातील जंतू मूत्रमार्गात जातात. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरेसे असते. अंगाचा नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो. दिवसातून चार-पाच वेळा तो लावला तर लघवीने केलेल्या नुकसानीत आपणच भर घालतो. साबण हवाच असेल तर दिवसातून एकदा, सौम्य आणि सुगंधविरहित वापरावा. जंतुनाशक द्रावणे या नाजूक भागावर लावू नयेत. ओल्या पुसण्या घेतल्यास त्या अल्कोहोल आणि सुगंध नसलेल्या असाव्यात.

त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि घाईत सर्वाधिक गाळली जाणारी. त्वचा कोरडी करणे. घासून नव्हे, टिपून. जांघेच्या घड्या, वृषणाखालचा भाग, नितंबांमधली फट, पोटाची घडी बोटांनी हलकेच उघडून टिपाव्यात. मग दहा-पंधरा मिनिटे अंगाखाली शोषक चादर घालून, वरून पातळ सुती पांघरूण टाकून, पंख्याची सौम्य हवा लागू द्यावी. केस वाळविण्याचे यंत्र वापरू नये. ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना भाजल्याचे कळतही नाही.

पावडर, तेल, हळद आणि मलमे

घाम म्हटला की पावडर, हे समीकरण आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु डायपरखाली पावडर घाम शोषून कोरडी राहत नाही. तिचे ओले गोळे होतात, ते घड्यांत बसतात आणि वाळूसारखे घासतात. घामोळ्यांच्या पावडरीतील कापूर वा मेन्थॉलने क्षणभर थंड वाटते, सोललेल्या त्वचेवर मात्र आग होते. बेसन, मुलतानी माती, हळद, लिंबू, तुरटी यांचाही या जागी प्रयोग करू नये.

खोबरेल तेल अंगाच्या कोरड्या भागावर जरूर लावावे. डायपरखाली मात्र जाड थर नको. तेल किंवा पेट्रोलियम जेली वरच्या आवरणाला लागली की त्याची शोषणशक्ती घटते. ज्यांची त्वचा वारंवार लाल होते, त्यांच्यासाठी झिंक ऑक्साइड असलेले संरक्षक मलम उपयोगी ठरते. पोळीला तूप लावतो तितका पातळ थर पुरे. पुढच्या खेपेला हा थर खरवडून काढण्याचा आग्रह धरू नये. मळलेला वरचा भाग पुसून त्यावरच थोडे मलम लावावे.

सर्वांत धोकादायक सवय म्हणजे दुकानातून ‘खाजेवरची ट्यूब’ आणून लावणे. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असते. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत ओसरते, पण बुरशी आत पसरत राहते आणि त्वचा पातळ होत जाते. डायपर घट्ट झाकून बसतो, त्यामुळे औषधाचा हा परिणाम अधिकच तीव्र होतो. स्टेरॉइड असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत, यासाठी २०१८ मध्ये नियम कडक करण्यात आले. तरी ‘मागच्या वेळची उरलेली ट्यूब’ घरात असतेच. ती वापरू नये.

कोणता पुरळ कशाचा?

सगळीच लाली सारखी नसते. बारीक, टाचणीच्या टोकाएवढे, टोचणारे पुरळ कमरेच्या पट्टीखाली किंवा पाठीवर दिसले तर ते बहुधा घामोळे. हवा आणि गारवा मिळाला की ते दोन-तीन दिवसांत मावळते.

लघवी किंवा मल जेथे लागतो तेथे, म्हणजे गुदद्वाराभोवती, जननेंद्रियावर, मांड्यांच्या आतल्या बाजूस पसरट, चमकदार, जळजळणारी लाली असेल तर तो ओलाव्याने झालेला त्वचादाह. बदलण्याची वेळ अलीकडे आणणे आणि संरक्षक मलम हा त्यावरचा पहिला उपाय. घड्यांच्या तळाशी गडद लाली आणि मुख्य चट्ट्याबाहेर विखुरलेले लहान लाल ठिपके, कधी पांढरट थर, असे दिसले तर कँडिडा या बुरशीची शंका घ्यावी. मधुमेहात आणि प्रतिजैविके घेतल्यानंतर ती हमखास डोके वर काढते. कडा उठावदार आणि मधला भाग तुलनेने स्वच्छ असे गोलाकार चट्टे म्हणजे गजकर्ण. या दोहोंना वैद्यकीय उपचार लागतात.

याहून वेगळी आणि गंभीर गोष्ट म्हणजे शय्याव्रण. तो हाडाच्या उंचवट्यावर होतो. माकडहाड, नितंबांची बाजू, टाच या त्याच्या जागा. लाल जागेवर बोटाने हलके दाबून सोडावे. दाबल्यावर ती फिकट न होता तशीच लाल राहिली तर दाबामुळे आतील रक्तप्रवाहाला इजा झाली असण्याची शक्यता असते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली स्पष्ट दिसत नाही. काळसर-जांभळट छटा, आसपासच्या भागाहून गरम किंवा कडक लागणे, स्पर्श होताच चेहरा आक्रसणे यांवरून ओळखावे. अशा रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणे डायपर बदलण्याइतकेच निकडीचे आहे.

घरगुती काळजी घेऊनही दोन-तीन दिवसांत उतार नसेल, फोड, पू, रक्त वा कातडी सोललेली दिसत असेल, ताप असेल, लघवी गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त असेल किंवा वृद्ध व्यक्ती अचानक गोंधळल्यासारखी वागू लागली असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. आर्थिक अडचण असलेल्यांनी जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवावे. ज्येष्ठांसाठीच्या सेवांची माहिती १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर मिळते.

डायपरला सुट्टी

डायपर हा उपचार नव्हे. ताबा का सुटला, याचा शोध घेतल्यास अनेकदा डायपरचे तास कमी करता येतात. मूत्रमार्गाचा संसर्ग, अनियंत्रित साखर, बद्धकोष्ठ, प्रोस्टेटची वाढ, लघवी वाढविणारी गोळी रात्री घेणे ही कारणे दुरुस्त होण्याजोगी आहेत. कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेता येतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णालाही दर दोन-तीन तासांनी शौचालयात नेऊन बसविण्याचा परिपाठ ठेवला, तर डायपर कितीतरी वेळा कोरडा राहतो. शौचालय लांब असेल तर पलंगाजवळ कमोडची खुर्ची, अंथरुणावरील पुरुषासाठी लघवीचे भांडे ही साधने स्वस्त आहेत. एखादी व्यक्ती केवळ शौचालयापर्यंत वेळेत पोचता येत नाही म्हणून डायपरमध्ये असेल, तर तिला आधाराची दांडी आणि रात्रीचा दिवा हवा आहे.

दिवसातील एक-दोन तास, घरात सोबतीला कोणी असताना, डायपर पूर्ण काढून शोषक चादरीवर निजवावे. आपल्या आज्या-पणज्या जुन्या धोतराची, लुगड्याची मऊ दुपटी आणि खाली मेणकापड याच रीतीने आजाऱ्याचे करीत. त्या रीतीत धुण्याचे कष्ट अपार होते, पण त्वचेला हवा मिळत होती. डायपरची सोय आणि दुपट्याचा मोकळेपणा यांची सांगड घालणे हाच आजचा शहाणपणा. खर्चही त्यातून आवरतो. दिवसाला तीन-चार डायपर धरले तर महिन्याला नव्वद ते एकशेवीस नग होतात. रोजचा एक वाचला तरी महिन्याला तीस वाचतात. सप्टेंबर २०२५ मध्ये क्लिनिकल डायपरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हाही थोडा दिलासा.

प्रवास आणि विल्हेवाट

नाशिककरांच्या घरी पाहुणे येतात तेच तीर्थाटनासाठी. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातील सिंहस्थाची मुख्य पर्वस्नाने ऐन पावसाळ्यात येतात. ज्येष्ठांना गर्दीत तासन्‌तास थांबावे लागते. अशा वेळी दोन जादा डायपर, सुती पंचा, पाण्याची बाटली, मलम, हातमोजे आणि जाड पिशवी असा संच जवळ ठेवावा. डायपर घालून नदीत उतरू नये. त्यातील रसायन नदीचे पाणी शोषून डायपर जड करते, ओला पट्टा त्वचेला घासतो आणि गोदावरीच्या पात्रात घाणही होते. स्नानानंतर अंग पूर्ण कोरडे करूनच नवा डायपर बांधावा.

वापरलेल्या डायपरमधील मल आधी शौचालयात टाकावा. डायपर शौचालयात टाकून पाणी सोडू नये; तो फुगतो आणि नळ तुंबतो. गुंडाळून, त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करून, वर्तमानपत्रात बांधून तो ओल्या कचऱ्यापासून वेगळा घंटागाडीकडे द्यावा. असा कचरा गुंडाळून देण्याचा दंडक २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घालून दिला होता. पुडक्यावर खूण केल्यास कचरा हाताळणाऱ्या कामगाराला ते उघडावे लागत नाही. त्याच्याही त्वचेचा आणि प्रतिष्ठेचा हा प्रश्न आहे.

थोडक्यात
* दर दोन तासांनी तपासा. तीन-चार तासांनी बदला. शौच झाल्यास तत्काळ.
* पुढून मागे पुसा, टिपून कोरडे करा, दहा-पंधरा मिनिटे हवा द्या.
* पावडर नको. संरक्षक मलमाचा पातळ थर पुरे.
* पाणी कमी करू नका.
* उन्हाळ्यात कूलर चालेल, पावसाळ्यात पंखा बरा.
* स्टेरॉइडची ट्यूब चिठ्ठीविना लावू नका.

शेवटची गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालविले, त्याला दुसऱ्याच्या हातून डायपर बदलून घ्यावा लागतो, तेव्हा त्वचेआधी त्याचे मन सोलवटते. दार लोटून घ्यावे, पडदा ओढावा, अंगावर पांघरूण ठेवावे. ‘पुन्हा ओलं केलंत का?’ याऐवजी ‘आई, बदलून घेऊ या का? बरं वाटेल तुम्हाला,’ असे विचारावे. बाळाशी बोलतो तसे बोलू नये. पाहुण्यांसमोर या विषयाची चर्चा करू नये. ज्याला विचारले जाते, तो कोठे खाजते, कोठे रुतते, कोठे जळते हे सांगतो. ज्याला ओरडले जाते, तो लपवतो आणि लपविलेल्या ओल्यातच जखम होते. मोकळेपणाने विचारणारे घरातले एक माणूस हे त्या त्वचेचे पहिले संरक्षण असते.